व्हाइट हाऊसचं दफ्तर

५ नोव्हेंबर १९७१, शुक्रवार. इंदिरा गांधी अमेरिकेच्या दौऱ्यावर होत्या. आदल्या दिवशी त्यांची आणि राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांची व्हाइट हाऊसमध्ये भेट झाली होती, दुसरी भेट व्हायची होती. मधल्या वेळात, सकाळी, निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर ओव्हल ऑफिसात बसून पाहुणीची उणीदुणी काढत होते. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित भारतात आले होते, युद्ध तोंडावर होतं, आणि इथे भारताच्या पंतप्रधानांना ‘म्हातारी चेटकीण’ म्हटलं जात होतं. किसिंजर यांनी तर समस्त भारतीयांनाच शिवी हासडली.

निक्सन यांच्या मेजात पाच मायक्रोफोन दडवलेले होते. शेकोटीजवळच्या दिव्यांत आणखी दोन. खोलीत आवाज झाला की तळघरातली सोनी कंपनीची यंत्रं आपोआप सुरू होत. फीत अतिशय पातळ, फिरण्याचा वेग अगदी कमी. एका रिळात जास्तीत जास्त तास बसावेत म्हणून. त्यामुळे आवाज घोगरा, वाक्यं तुटक, मध्येच कपबशांचा खणखणाट. एकेक तास उतरवून काढायला संशोधकांना कित्येक तास लागतात. फेब्रुवारी १९७१ ते जुलै १९७३ या काळात अशा सुमारे ३,७०० तासांच्या फिती जमा झाल्या. हे यंत्र आहे हे ठाऊक असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

त्या सकाळचं बोलणं आपल्याला कळलं ते जून २००५मध्ये. ३४ वर्षांनी. इंदिराजींना जाऊन तोवर २० वर्षं उलटली होती, निक्सनही वारले होते. किसिंजर हयात होते. एका भारतीय वाहिनीवर त्यांनी खेद व्यक्त केला.

शिवीगाळ ही त्यातली किरकोळ बाब आहे, जरी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी तीच मथळ्यात घेतली. महत्त्वाचं आहे ते पुढच्या महिन्याचं बोलणं. डिसेंबर १९७१मध्ये मुंबईत लोक खिडक्यांना काळे कागद चिकटवून भोंग्याची वाट पाहत होते, तेव्हा व्हाइट हाऊसमध्ये पाकिस्तानला लढाऊ विमानं कशी पोचवायची याची खलबतं चालू होती. अमेरिकी कायद्याने थेट देता येत नव्हती. म्हणून जॉर्डनने आणि इराणने आपल्याकडची द्यावीत, आपण डोळेझाक करू, असा बेत होता. परराष्ट्र खातं आणि संरक्षण खातं यांचे कायदेतज्ज्ञ सांगत होते की हेही बेकायदा आहे. निक्सन आणि किसिंजर यांना ते पुरतं ठाऊक होतं आणि तरीही ते पुढे गेले. कागदावर असं कुणी लिहून ठेवत नाही. फितीमुळेच हे उमगलं. प्रिन्स्टनचे प्राध्यापक गॅरी बास यांनी याच फितींच्या आधारे २०१३मध्ये ‘द ब्लड टेलिग्राम’ हे पुस्तक लिहिलं आणि गाळलेले भाग उघडे करा म्हणून अर्जांवर अर्ज करत राहिले. त्यातले काही तुकडे सुटून २०२०मध्ये भारतीय स्त्रियांबद्दलची निक्सन यांची हिणकस बोलणी बाहेर आली. म्हणजे जवळजवळ ५० वर्षांनी.

आपल्याच देशाच्या एका युद्धाचा इतिहास परक्या देशाच्या दफ्तरातून असा थेंबाथेंबाने मिळतो. म्हणून ते दफ्तर कुणाचं, ते कोण उघडतं, कोण मिटतं, हा प्रश्न मला दूरचा वाटत नाही. मराठी माणसाला तर वाटूच नये. पुण्यातलं पेशवे दफ्तर ब्रिटिशांनी आपल्या अभ्यासकांपुढे वर्षानुवर्षं बंद ठेवलं होतं. राजवाड्यांसारख्या इतिहाससंशोधकांना गावोगावच्या वाड्यांच्या माळ्यांवरून कागद गोळा करत फिरावं लागलं. ते दफ्तर खुलं झाल्यावर इतिहासकार सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४मध्ये ४५ खंड निघाले आणि मराठ्यांच्या इतिहासाची मांडणीच पालटली.

अमेरिकेत जवळजवळ २०० वर्षं राष्ट्राध्यक्षाचे कागद ही त्याची खासगी मालमत्ता मानली जात होती. मुदत संपली की तो खोकी भरून घरी घेऊन जाई. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे कागद पुतण्याकडे गेले, त्याने ते चरित्र लिहिण्यासाठी उसने दिले, आणि परत आले तेव्हा काही उंदरांनी कुरतडलेले, काही ओलीने खराब झालेले होते. चेस्टर आर्थर यांनी १८८६मध्ये मरणापूर्वी आपले बहुतेक कागद जाळवले. लिंकन यांचे कागद त्यांच्या मुलाने अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाला दिले, पण आपल्या मृत्यूनंतर २१ वर्षं उघडायचे नाहीत या अटीवर. ते उघडले १९४७मध्ये, लिंकन यांचा खून होऊन ८२ वर्षं झाल्यावर. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हाइड पार्क इथे ग्रंथालय बांधून आपले कागद सरकारच्या हवाली केले. चांगला पायंडा होता, पण पायंडाच. दिले तर दिले.

निक्सन यांनी तो मोडला.

वॉटरगेट प्रकरणात फितींचं अस्तित्व जुलै १९७३मध्ये सिनेटच्या समितीपुढच्या एका साक्षीत उघड झालं. वर्षभर निक्सन त्या देण्याचं टाळत राहिले. २० जून १९७२च्या, म्हणजे वॉटरगेटमधल्या घरफोडीनंतर तीनच दिवसांनी भरलेल्या, फितीत साडेअठरा मिनिटं नुसती खरखर आहे. तज्ज्ञांनी तपासून सांगितलं की किमान पाच वेळा वेगवेगळं पुसलेलं आहे. ते शब्द आजपर्यंत परत मिळालेले नाहीत. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फिती देण्याचा आदेश दिला आणि पंधरवड्यातच निक्सन यांनी राजीनामा दिला.

सर्वसाधारण गोष्ट इथे संपते. दफ्तराच्या दृष्टीने खरी गोष्ट त्यानंतर महिन्याने घडली. ८ सप्टेंबर १९७४ रोजी नवे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी निक्सन यांना माफी दिली. त्याच दिवशी दुसरी एक घोषणा झाली, जिच्याकडे माफीच्या गदारोळात फारसं कुणाचं लक्ष गेलं नसतं. सरकारी मालमत्ता सांभाळणाऱ्या खात्याचे प्रमुख आर्थर सॅम्पसन यांनी निक्सन यांच्याशी करार केला होता. ४ कोटी २० लाख पानं आणि ८८० फिती निक्सन यांच्या मालकीच्या. फिती १९८४मध्ये, किंवा निक्सन त्याआधी वारले तर तेव्हा, नष्ट करायच्या. हा करार टिकला असता तर ५ नोव्हेंबरची ती सकाळ, जॉर्डनची विमानं, सगळं राखेत गेलं असतं.

अमेरिकी काँग्रेसने तीन महिन्यांत खास कायदा करून ते सगळं साहित्य ताब्यात घेतलं. निक्सन न्यायालयात गेले, १९७७मध्ये हरले. पण ताब्यात घेणं वेगळं आणि लोकांना ऐकू देणं वेगळं. निक्सन हयात होते तोवर त्यांचे वकील तारखांवर तारखा लावत राहिले. सत्तेच्या गैरवापराशी संबंधित २०० तासांच्या फिती सुटल्या त्या १९९६मध्ये, इतिहासकार स्टॅन्ली कटलर यांनी दावा लावल्यावर. शेवटचा गठ्ठा २०१३मध्ये आला. आणि घेतलेल्या साहित्याची भरपाई म्हणून सरकारने २०००मध्ये निक्सन यांच्या वारसांना १ कोटी ८० लाख डॉलर मोजले. जनतेला आपल्याच कारभाराची नोंद विकत घ्यावी लागली.

असं पुन्हा होऊ नये म्हणून १९७८मध्ये ‘प्रेसिडेन्शियल रेकॉर्ड्‌स ॲक्ट’ झाला. २० जानेवारी १९८१पासून, म्हणजे रेगन यांच्यापासून, तो लागू झाला. कायदा म्हणतो की राष्ट्राध्यक्षाच्या कामकाजाचे कागद पहिल्या दिवसापासून देशाच्या मालकीचे. मुदत संपताच ते राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जातात. पाच वर्षांनी ते माहितीच्या कायद्याखाली मागता येतात. सल्लागारांची आतली मसलत, नेमणुका, गोपनीय बाबी असे काही प्रकार राष्ट्राध्यक्ष १२ वर्षांपर्यंत बंद ठेवू शकतो. मला ही मुदत रास्त वाटते. सल्ला देणाऱ्याला उद्या सकाळी आपलं वाक्य पेपरात येईल अशी धास्ती असेल तर तो मोकळेपणाने बोलणार नाही, हे खरं आहे. १२ वर्षं ही त्या मोकळेपणाची पुरेशी किंमत आहे.

पण कायद्यात एक मोठं खिंडार राहिलं. कारकीर्द चालू असताना काय जपायचं आणि कसं, हे राष्ट्राध्यक्षानेच ठरवायचं. त्यावर देखरेख करणारं कुणी नाही. कायदा मोडला तर शिक्षेचं कलमही त्यात नाही. ज्याच्या कारभाराची नोंद आहे त्याच्याच हाती किल्ली. गेल्या ४५ वर्षांतली बहुतेक भांडणं या एका उणिवेतून निघाली आहेत, आणि प्रत्येक वेळी ती कुणी पहारेकऱ्याने सोडवली नाहीत, बाहेरच्या चिकट माणसांनी सोडवली.

रेगन यांच्या शेवटच्या दिवशी काय झालं पाहा. इराणला चोरून शस्त्रं विकल्याचं इराण-काँट्रा प्रकरण उघडकीला येत असताना, नोव्हेंबर १९८६मध्ये, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर यांनी आपल्या संगणकातले पाच हजारांहून अधिक संदेश पुसले. त्यांचे सहायक ऑलिव्हर नॉर्थ यांनी शेकडो. दोघांना वाटलं, संपलं. पण यंत्रणेची रोजची नक्कल वेगळ्या फितींवर निघत होती आणि तपास अधिकाऱ्यांना ती सापडली. पुढे जानेवारी १९८९मध्ये रेगन जायची वेळ आली तेव्हा या सगळ्या नकला पुसून यंत्रणा कोरी करायचं ठरलं. स्कॉट आर्मस्ट्राँग नावाच्या पत्रकाराने आणि ‘नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह’ या खासगी संस्थेने १९ जानेवारीला न्यायालय गाठलं आणि त्याच संध्याकाळी मनाईहुकूम मिळवला. ई-मेल हाही सरकारी दस्तऐवज आहे, हे आज आपण गृहीत धरतो. ते ठरायला आणखी चार वर्षं आणि अपील न्यायालय लागलं.

त्या दाव्यालाही एक जोडकथा आहे. १९ जानेवारी १९९३ची रात्र. थोरले बुश दुसऱ्या दिवशी पायउतार होणार होते. राष्ट्रीय अभिलेखागाराचे प्रमुख डॉन विल्सन यांनी त्या रात्री एका करारावर सही केली आणि बुश यांच्या कारकिर्दीच्या ई-मेल फितींवरचा ताबा बुश यांनाच देऊन टाकला. काही आठवड्यांत विल्सन यांना टेक्ससमध्ये बुश यांच्याच नावाच्या केंद्राचं प्रमुखपद मिळालं. न्यायाधीशांनी १९९५मध्ये तो करार रद्द केला. सॅम्पसन यांच्या करारानंतर १८ वर्षांनी तोच प्रकार, आणि या वेळी दफ्तर सांभाळणाऱ्याच्याच सहीने. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त खटकते ती ही रात्र. राजकारण्याने लपवणं समजू शकतं. दफ्तरदारानेच दफ्तर देऊन टाकावं, याला काय म्हणावं?

जानेवारी २००१मध्ये रेगन यांच्या कागदांची १२ वर्षं भरली. कायद्याची ही पहिलीच खरी कसोटी होती. सुमारे ६८,००० पानं खुली व्हायची होती. त्याच दिवशी धाकटे बुश राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचे वडील रेगन यांचे उपराष्ट्राध्यक्ष होते, रेगन यांच्या काळातले कित्येक अधिकारी पुन्हा सत्तेत आले होते. व्हाइट हाऊसने अभिलेखागाराला आधी जूनपर्यंत थांबायला सांगितलं, मग ऑगस्टअखेरपर्यंत, मग बेमुदत. १ नोव्हेंबर २००१ रोजी बुश यांनी आदेश क्रमांक १३२३३ काढला. माजी राष्ट्राध्यक्ष वाटेल तितका काळ कागद अडवू शकतो. तो वारला तर त्याने नेमलेला प्रतिनिधी किंवा कुटुंबीय अडवू शकतात. माजी उपराष्ट्राध्यक्षालाही हा हक्क. संसदेने केलेला कायदा एका सहीने उलटा फिरवला गेला.

अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनने महिनाभरात दावा दाखल केला. इतिहासाचे प्राध्यापक देशाच्या प्रमुखाविरुद्ध न्यायालयात उभे राहिले, हे चित्र आपल्याकडे दिसायला हवं असं मला मनापासून वाटतं. सहा वर्षं गेली. ऑक्टोबर २००७मध्ये न्यायाधीश कोलीन कोलार-कोटेली यांनी आदेशाचा एक भाग बेकायदा ठरवला. कनिष्ठ सभागृहाने ३३३ विरुद्ध ९३ मतांनी आदेश मोडीत काढणारं विधेयक संमत केलं होतं, ते सिनेटमध्ये अडलं. शेवटी २१ जानेवारी २००९ रोजी, कारकिर्दीच्या पहिल्या पूर्ण दिवशी, बराक ओबामा यांनी तो आदेश रद्द केला. २०१४मध्ये कायद्यातच दुरुस्ती होऊन माजी राष्ट्राध्यक्षाच्या हरकतीला कालमर्यादा आली. त्याआधी, २००९मध्ये, धाकट्या बुश यांच्या काळातले हरवलेले २ कोटी २० लाख ई-मेलही दाव्यांमुळे सापडले होते.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीबद्दल २०१८मध्ये एक बातमी आली. राष्ट्राध्यक्षांना वाचून झालेला कागद फाडून टाकायची सवय होती. कायद्याप्रमाणे तो जपायला हवा. म्हणून दफ्तर विभागातले कर्मचारी ते तुकडे आणून मोठ्या मेजावर पसरत आणि पारदर्शक चिकटपट्टीने जोडत बसत. काही कागद मधोमध एकदाच फाडलेले, काहींचे बारीक कपटे. त्यात सिनेटमधल्या विरोधी नेत्याने पाठवलेलं पत्रही होतं. अनुभवी, चांगल्या पगाराचे सरकारी नोकर, आणि हे त्यांचं काम. मी त्या माणसांचा आदर करतो. बातमीत त्यांना काय वाटलं हे होतं, पण मला दिसतं ते एवढंच की वरिष्ठाने फाडलं आणि खालच्याने कायदा पाळला.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. ट्रम्प यांच्या मार-अ-लागो या निवासस्थानी गेलेली खोकी, जानेवारी २०२२मध्ये परत आलेली १५, ऑगस्टमधली एफबीआयची झडती, त्यात मिळालेले शंभरहून अधिक गोपनीय कागद, न्हाणीघरात झुंबराखाली रचलेल्या खोक्यांचं छायाचित्र. जून २०२३च्या आरोपपत्रात हेरगिरीविरोधी कायद्याची कलमं होती. १९७८च्या कायद्यात लावायला कलमच नव्हतं. जुलै २०२४मध्ये न्यायाधीश आयलीन कॅनन यांनी विशेष वकिलाची नेमणूकच घटनाबाह्य ठरवून खटला काढून टाकला. निवडणूक जिंकल्यावर ट्रम्प यांच्याविरुद्धचं अपीलही मागे घेतलं गेलं. फेब्रुवारी २०२५मध्ये अभिलेखागाराच्या प्रमुख कोलीन शोगन यांना पदावरून दूर करण्यात आलं. बायडन यांच्याही घरी, गॅरेजमध्ये, गोपनीय कागद सापडले होते. त्यांनी ते स्वतःहून कळवले आणि झडतीला संमती दिली. चौकशी झाली, खटला झाला नाही. दोन्ही प्रकरणं सारखी नाहीत, पण दोन्ही वेळा कागद नको तिथे गेलेच.

न्यायालयं जिंकली तरी रांग उरते. धाकट्या बुश यांच्या काळातले ई-मेल २० कोटींच्या घरात आहेत. प्रत्येक पान माणसाने वाचून, खासगी आणि गोपनीय भाग झाकून, मगच बाहेर येतं. २०१८मध्ये ब्रेट कॅव्हनॉ यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमायचं होतं. ते बुश यांच्या व्हाइट हाऊसमध्ये वकील होते, म्हणून सिनेटने त्यांचे कागद मागितले. अभिलेखागाराने सांगितलं, ९ लाखांवर पानं आहेत, ऑक्टोबरअखेरीआधी होणार नाहीत. ६ ऑक्टोबरला नेमणुकीवर शिक्कामोर्तब झालं. तहहयात पद देताना सिनेटने थांबायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसं कमी असणं हीसुद्धा लपवण्याची एक सोयीची रीत होऊन बसते.

आपल्याकडे काय आहे? राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी २००२च्या गुजरात दंगलींच्या वेळी पंतप्रधान वाजपेयींशी पत्रव्यवहार केला होता. एका नागरिकाने तो माहितीच्या अधिकारात मागितला. केंद्रीय माहिती आयोगाने ऑगस्ट २००६मध्ये ती पत्रं आपल्यासमोर आणायला सांगितलं. तेव्हा केंद्रात मनमोहन सिंग यांचं सरकार होतं, म्हणजे पत्रं उघडी झाल्याने त्यांचं काही बिघडणार नव्हतं. तरी सरकार दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि जुलै २०१२मध्ये घटनेच्या कलम ७४(२)चा आधार घेऊन आयोगाचा आदेश रद्द झाला. पक्ष बदलला तरी कुलूप तेच राहिलं. १९६२च्या युद्धावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३पासून गोपनीय आहे तो आहेच. सार्वजनिक अभिलेख कायदा आपण १९९३मध्ये केला, माहितीचा कायदा महाराष्ट्राने देशाच्या आधी केला, पण राष्ट्रपती भवनातला कागद अमुक वर्षांनी आपोआप खुला होईल असं सांगणारी मुदत आपल्याकडे नाही. १२ वर्षांची ती साधी रेघ आपल्याला हवी आहे. ती मागायला सुरुवात केली पाहिजे.

आणि तोवर करण्यासारखं एक काम आहे. अमेरिकेचा माहितीचा कायदा अर्जदाराचं नागरिकत्व विचारत नाही. पुण्यातला, नागपुरातला, पणजीतला अभ्यासक किंवा न्यू जर्सीतला मराठी माणूसही अर्ज करू शकतो. १९९८च्या पोखरणच्या अणुचाचण्या झाल्या, १९९९मध्ये कारगिलचं युद्ध झालं आणि त्या ४ जुलैला नवाझ शरीफ वॉशिंग्टनला धावत गेले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन होते. त्यांचं दफ्तर अर्कान्सा राज्यात लिटल रॉक इथे आहे. त्यांची १२ वर्षं २०१३मध्येच संपली. अर्ज ई-मेलने जातो. विषय, काळ आणि व्यक्तींची नावं नेमकी लिहावीत, उत्तराला काही वर्षं लागतील अशी तयारी ठेवावी, नकार आला तर अपील करावं. आणि राष्ट्रपती भवनाकडेही एक अर्ज टाकावा. २००२च्या त्या पत्रांना २० वर्षं होऊन गेली आहेत, आणि आपल्या कायद्यात २० वर्षांनंतर बरेचसे अपवाद गळून पडतात.